पाणी तोडलं तो हिवाळा

दिवाळी सरली की दौंडची हवा बदलते. पहाटे भीमेकडून ओलसर वारं येतं. उन्हं वर आली की तेच वारं कोरडं होऊन ओठ फोडायला लागतं. बाजारात पातीच्या कांद्याच्या जुड्या दिसू लागतात, पांढऱ्या मानेच्या, हिरव्यागार, अजून माती लागलेल्या. त्या वासानं माझे हात आपोआप आवळतात. सून विचारते, "आई, थंडी वाजते का?" मी हो म्हणून टाकते.

परवा सकाळचीच गोष्ट. बाल्कनीत एका जुन्या बादलीत सुनेनं कांदे खोचलेत. रोज मायेनं पाणी घालते. पात वीतभर झाली होती, पण शेंडे पिवळे पडून माना टाकायला लागले होते. मी सहज पातीतून बोटं फिरवली आणि बुडाशी काहीतरी काळं भुरभुरलं. चिलटं. राईच्या दाण्याहून बारीक, लांब पायांची, धड उडताही न येणारी. मला कळायच्या आत माझा तळवा मातीवर आदळला. मग पुन्हा आणि पुन्हा. बादली कलंडली, माती फरशीवर सांडली, पात माझ्या मुठीत चेंगरली. सून दारात उभी राहून बघत होती.

"आई, अहो काय करताय? साधी चिलटं आहेत."

साधीच असतात ती. चावत नाहीत. डोळ्यांपुढं नाचतात, दुधात पडतात, भाकरीवर बसतात, एवढंच. खरं काम त्यांची पिल्लं करतात. काळ्या डोक्याची, काचेसारखी आरपार दिसणारी अळी ओल्या मातीत, कच्च्या खतात वाढते आणि कांद्याच्या मुळ्या कुरतडते. मुळं गेली की पात सुकते. सुकली की माणसाला वाटतं तहान लागली. तो पाणी घालतो. पाण्यानं माती ओली राहते आणि अळीचं आणखी फावतं. ज्यानं रोप मरतं तेच माणूस दोन्ही हातांनी ओतत राहतो. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. आमच्या घरात ते रक्त सांडून शिकावं लागलं.

तेव्हा संयुक्त महाराष्ट्र झाला नव्हता. दौंडच्या भिंतींवर डांबरानं घोषणा रंगवलेल्या असत आणि त्या डांबरावर इंजनांची काजळी बसलेली असे. गावाच्या वरच्या अंगाला, भीमेच्या काठावर आमचं रान होतं. विहीर, मोट, दोन बैल आणि कुडाचं घर. आबा, म्हणजे माझे वडील, आमच्या घराण्यातले जमिनीवर थांबलेले पहिले. त्यांच्या आधीच्या साऱ्या पिढ्या मेंढरांमागं चालल्या. एका पावसाळ्यात रोग आला आणि आबांचा कळप डोळ्यांदेखत बसला तो उठलाच नाही. उरलीसुरली मेंढरं विकून त्यांनी हे रान घेतलं.

पण जमीन त्यांनी कधी लेकरासारखी वागवली नाही. ती अंगावर आलेल्या माणसासारखी वागवली. ढेकूळ फुटलं नाही तर ते त्याला शिवी घालत आणि कुदळीच्या तुंब्यानं, तिच्या बोथट अंगानं, पिठासारखं होईतोवर कुटत. बैल अडला तर त्याच्या पाठीवर वळ उठे. आई बोलली तर आईच्या पाठीवर उठे. मी तेव्हा सोळा-सतराची असेन, घरातल्या आणि रानातल्या कामाला आईच्या बरोबरीनं जुंपलेली. मला त्यांची पावलं ओळखू येत. टाच आधी टेकली की दिवस बरा. चवडा आपटत आले की मी चुलीपुढून उठून आईच्या आणि त्यांच्या मध्ये काहीतरी काम काढी.

आई शिरूरच्या पलीकडची, घोडनदीच्या खोऱ्यातली. तिचा भाऊ, माझा मामा, अजून मेंढरं राखत होता. लग्न झाल्यावर आईही आबांच्या कळपामागं चालली. त्या चालण्यात तिची दोन लेकरं गेली. एक पाबळच्या माळावर पुरलं, एक वरवंडच्या रस्त्याकडेला. दोन्ही ठिकाणी खूण म्हणून ठेवलेले दगड पुढच्या वर्षी सापडले नाहीत. म्हणून कुडाचं का होईना, एका जागी उभं असलेलं घर मिळालं तेव्हा तिनं उंबऱ्याची माती कपाळाला लावली होती. हे ती मला सांगे, आबांना कधी नाही.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी मामानं खतासाठी आमच्या रानात मेंढरं बसवली. रानभर लेंड्या पडल्या. त्यावर आबांनी उकिरड्यातलं अर्धंकच्चं खतही ओढलं आणि ते नीट कुजायच्या आत वाफे बांधून कांद्याचं रोप लावलं. सारी पातच विकायची होती. पात झटपट येते, आणि स्टेशनाच्या बाजारात सकाळी टोपली टेकवली की दुपारपर्यंत रिकामी होते. रोपं लागली. वाफ्यावाफ्यात हिरवी काडी उभी राहिली. आणि मग एका सकाळी मी भाजी खुडायला वाकले तेव्हा ती काळी भुकटी पहिल्यांदा माझ्या तोंडावर उठली.

पंधरवड्यात सगळं रान तिनं भरलं. पातीतून चाललं की गुडघ्याएवढा काळा धूर उठावा तशी चिलटं उठत. डोळ्यांत जात, नाकात जात. बैल माना झटकून दावी तोडायला बघत. आणि पात मरायला लागली. शेंड्याकडून पिवळी होई, मग वाकडी, मग आडवी. उपटली तर काहीच जोर न लागता हातात येई, बुडाशी मुळांच्या जागी तपकिरी लिबलिबीत चिखल.

आबांनी युद्ध पुकारलं. दुसरा शब्द नाही. आधी लिंबाचे डहाळे घेऊन ते वाफ्यांवर तुटून पडले. सकाळपासून मारत राहिले. चिलटं बाजूला होत आणि पुन्हा बसत. पात तेवढी तुटली. मग तंबाखू उकळून तिचं काळं पाणी ओतलं. त्यांच्या हाताची कातडी सोलवटून निघाली. मग वाऱ्याच्या तोंडाला पाचोळा, गोवऱ्या आणि वाळक्या मिरच्या पेटवल्या. ठसक्यानं आमची आतडी तोंडाला आली. तेवढ्यात वारं फिरलं, ठिणग्या पातीच्या वाळल्या शेंड्यांवर आल्या आणि कडेचे वाफे भाजून निघाले. धुरातून आबा आले ते काळेठिक्कर, डोळे लाल, आणि पहिला पुढ्यात आला तो पांढरा बैल. त्याला त्यांनी गुडघे टेकेपर्यंत मारलं.

एकदा ते गाडी घेऊन इंजनशेडकडं गेले. शेडमागं जळक्या कोळशाच्या राखेचे ढीग असत. ती भुरकी राख आणून त्यांनी वाफ्यांवर पसरली. ते बरं झालं असतं, पण वरून लगेच मोटेचं पाणी सोडलं. राखेचा चिखल झाला. चिखलावर चिलटं बसली.

आणि मग पावडर. हिवतापाचे फवारणीवाले तेव्हा खेड्यापाड्यांतून फिरत, भिंतींवर औषध मारत. कुणाकडून तरी आबांनी डबाभर पावडर मिळवली. तसल्या औषधाला शिसारी येणारा वास असतो. तो वास अजूनही मधूनच माझ्या नाकात येतो. तोंडाला फडकं बांधून त्यांनी ती मूठमूठ उधळली, गुलाल उधळावा तशी. दुपारी वाफ्यांत बेडकं उताणी पडली. संध्याकाळपर्यंत आईच्या कोंबड्या चक्कर घेऊन पडायला लागल्या. मेलेली चिलटं टिपत बसल्या होत्या त्या. आईनं एकेक उचलून आणली आणि घराच्या उंबऱ्यात ओळीनं ठेवली. आबांना घरात यायला त्यांच्यावरून पाय टाकावा लागला. ते टाकून आले. जेवले. सकाळी पातीतून पुन्हा काळं उठलं.

"तुझ्या भावानं लेंड्यांतनं किडं धाडलं," ते आईला म्हणाले. "जळतोय माझ्या रानावर. तुमची समद्यांची जातच चालनाऱ्यांची. मी थांबलो ते बघवत न्हाई."

त्यांनी पुढं जे सांगितलं ते ऐकून आईच्या हातातला तवा खाली आला.

"ही पात गेली तर मी हे रान टाकनार. मेंढरं घीन आन् चालाय लागंन. कुनी यावं, कुनी मरावं."

मला आज त्यांचं भय कळतं. कळप बसलेला पाहिला होता त्यांनी. आपल्या हातून काही जगत नाही, ही भीती ज्याच्या पोटात असते तो मारतच सुटतो, कारण मारताना काहीतरी आपल्या ताब्यात आहे असं वाटतं. हे कळतं, आणि तरीही त्या उंबऱ्यातल्या कोंबड्या मला दिसतात. कळण्यानं सगळंच माफ होतं असं नाही.

कधीतरी त्याच दिवसांत आई मला रानाच्या शेवटच्या वाफ्याकडं घेऊन गेली. तो उंचवट्यावर होता. पाटाचं पाणी तिथवर जाताना दम तोडी. कधी पोचे, कधी नाही. त्याच्या मातीला भेगा पडल्या होत्या, म्हणून त्याच्याकडं कुणी फारसं बघतही नव्हतं.

"भागे, हितं बस. पात हालव."

मी हलवली. एकही चिलट उठलं नाही.

"आता उपट एक."

मी उपटायला गेले तर माती कांदा सोडेना. दोन्ही हातांनी ओढला तेव्हा आला. त्याची मुळं पांढरी, दाट, म्हाताऱ्याच्या दाढीसारखी. आई ती मुळं कितीतरी वेळ बोटांनी विंचरत बसली.

"हितं पानी न्हाई, म्हून किडा न्हाई," ती म्हणाली. "आपुन पाजतोय ती पातीला न्हाई. किड्याला पाजतोय."

तिनं आबांना जेवताना सांगितलं. किती जपून सांगितलं! त्यांच्या ताटात कालवण वाढत, मान खाली घालून, "अवं, थोडं दिस पानी तोडून बघू का? माती वाळू द्यावी वाटतंय."

आबांनी घास खाली ठेवला. "पान्याबिगर पात जगती व्हय?"

"शेवटचा वाफा बघा की. तितं..."

तांब्या भिरभिरत आला. पितळेचा, भरलेला. आईच्या भुवईवर त्याची कड बसली आणि रक्त नाकावरून ओघळून परातीतल्या पिठात पडलं. आबा उठून अंगणात गेले. आईनं हळद दाबली, रक्ताचं पीठ बाजूला काढलं आणि उरलेल्या पिठाची भाकरी थापली. थापताना तिचे हात थरथरत नव्हते. मला त्याचंच भय वाटलं. रोज थरथरत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आबांनी बैल मोटेला जुंपले. ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. बैल उतारावरून खाली चालले की विहिरीतून कातड्याची भरलेली मोट वर येई, पाणी हौदात पडे, हौदातून पाटात, पाटातून वाफ्यांत. वाफ्याशी एकजण लांब दांड्याचं खोरं घेऊन उभं राही. एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पुढच्याचं फोडायचं. त्याला आम्ही दारं धरणं म्हणायचो. दारं आई धरी. मी त्या दिवशी विहिरीजवळच्या बांधावर विळ्यानं गवत कापत होते. मोट हाकताना आबा एरवी गात, आवाज चांगला होता त्यांचा. त्या दिवशी गात नव्हते.

मोटा चढत-उतरत राहिल्या. पाणी पाटानं धावत गेलं. पण वाफे चमकेनात. आबांनी वरून दोनदा बघितलं. मग बैलांना विहिरीच्या तोंडाशी उभं केलं, मोट खाली पाण्यात तशीच सोडली आणि आसूड घेऊन पाटाच्या कडेनं निघाले. चवडा आपटत.

आईनं पाट मधेच बुजवला होता. ओल्या मातीचा गुडघाभर बांध घातला होता आणि पाण्याला ओढ्याकडं वाट फोडून दिली होती. आमच्या विहिरीचं पाणी खळखळत पडीक रानातून भीमेकडं चाललं होतं. आई बांधावर उभी होती. खोरं हातात, पाय चिखलात, भुवई सुजलेली.

पहिला फटका तिच्या पाठीवर बसला. तिनं पाठ वाकवली नाही. दुसरा मानेभोवती गुंडाळला गेला आणि गळ्यावर लाल दोरी उठली. आबा ओरडत नव्हते. दात आवळून मारत होते. "फोड," एवढंच म्हणत होते, "बांध फोड."

तिसऱ्या फटक्यासाठी त्यांनी हात उचलला आणि आईनं खोरं फिरवलं. बाभळीचा दांडा होता तो, वर्षानुवर्षं तिच्या तळव्यांनी गुळगुळीत केलेला. तो त्यांच्या उजव्या हातावर, मनगटाच्या वर बसला. वाळलं ज्वारीचं ताट गुडघ्यावर मोडावं तसा आवाज बांधावर मला ऐकू आला. आसूड गळून पडला. आबा गुडघ्यांवर बसले आणि नको तिथं वाकलेल्या आपल्या हाताकडं बघत राहिले. मग डाव्या हातानं त्यांनी धोंडा उचलला.

आईनं खोऱ्याचं पातं वर केलं.

"धोंडा टाक. टाक म्हन्ते! न्हाईतर डोस्कं फोडीन तुझं."

तुझं. उभ्या आयुष्यात तिनं त्यांना तुम्ही सोडून काही म्हटलं नव्हतं. त्यांच्या पाठीमागंसुद्धा नाही. मला वाटतं, हातापेक्षा त्या शब्दानंच आबा जागच्या जागी थिजले. पण धोंडा त्यांच्या हातात होता आणि तो हात अजून वर होता.

मी तिकडं धावले नाही. मी विहिरीकडं धावले. तेव्हा काही ठरवलं होतं असं सांगता येणार नाही. एवढंच डोक्यात होतं की हात बरा होईल, उद्या पुन्हा मोट चालेल, उद्या पुन्हा हेच. माझ्या हातात विळा होता. मोटेच्या जाड दोराला, नाड्याला, मी तो लावला आणि करवतीसारखा ओढायला लागले. एकेक पीळ सुटत गेला. तळहात फाटला. शेवटचा पीळ ताण बसून आपसूक तुटला. मोटेच्या सोंडेला बांधलेला खालचा बारीक दोर दोन घावांत गेला. भरलेली मोट विहिरीच्या तळाशी बसत गेली आणि वर नुसते बुडबुडे आले. ओझं गेल्याचं कळून बैल चार पावलं सैरावैरा पुढं गेले.

बुडबुड्यांचा आवाज थांबल्यावर मी वळून पाहिलं. आबांच्या हातातला धोंडा खाली पडला होता.

आईनं खोरं बांधाला टेकवलं. "भागे, कामट्या आन. आन् माझं जुनं लुगडं."

मेंढरू पाय मोडून घेतं तेव्हा धनगराची बाई काय करते ते मी लहानपणापासून पाहिलं होतं. आईनं आबांना चिखलातच उताणं पाडलं, त्यांच्या खांद्यावर आपला गुडघा रोवला आणि मोडका हात दोन्ही हातांनी ओढला. आबांची किंकाळी नदीपलीकडं गेली असेल. पाखरं उडाली. तिनं हाड बोटांनी चाचपून बसवलं, बांबूच्या कामट्या लावल्या, लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या. तिच्या गळ्यावरच्या वळातून रक्त ठिबकून त्या पट्ट्यांवर पडत होतं.

"गप पडा," ती म्हणाली. "हालू नगा."

पुन्हा तुम्ही. जणू मधलं काही घडलंच नव्हतं. पण घडलं होतं ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

बातमी दौंडच्या बाजारातून शिरूरकडं जायला वेळ लागला नाही. मामा आला तो दोन धनगर सोबत घेऊन, तिघांच्या हातांत काठ्या, मामाच्या खांद्यावर कुऱ्हाड. घरात आबा पडले होते. मामानं अंगणातूनच हाक दिली, "दाजी, भाईर या. एक हात ऱ्हायलाय न्हवं अजून?"

आई दारात आली. तिच्या गळ्यावरचा वळ काळानिळा पडला होता. मामानं तो पाहिला आणि त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. तो पुढं सरकला. आईनं कुडाला लावलेलं खोरं उचललं.

"मागं हो."

"ठके, बाजूला व्हय. आज सोडत न्हाई त्येला."

"त्यांचा हात मी मोडलाय. तुझं काय काम हाय हितं?"

"भन हायेस माझी! भनीला मारतो त्यो..."

"इतकी वर्सं मारत व्हते," आई म्हणाली, अगदी हळू, "तवा कुठं व्हतास?"

सोबतचे धनगर जमिनीकडं बघायला लागले. मामाच्या अंगात आलेला राग कुठंतरी जायलाच हवा होता. त्यानं कुऱ्हाड फिरवली आणि अंगणातला पाण्याचा रांजण फोडला. पाणी आमच्या पायांखालून वाहून गेलं. मग तो निघून गेला. आत आबा जागे होते. कुडाच्या फटीतून मला त्यांचे डोळे दिसत होते, उघडे, छपराकडं लागलेले.

आणि पाणी बंद झालं.

पहिले दिवस भयंकर होते. चिलटं उलट वाढली, उरलीसुरली सगळी वर आली असावीत. पात आणखी झोपली. मी आईला म्हणाले, "आये, समदं मरतंय." ती म्हणाली, "मरू दे. मरायचं त्ये मरंल." तिनं खुरपं घेतलं आणि मला दिलं. कांद्याच्या दोन ओळींमधली माती आम्ही हलकेच उकरत गेलो, वर ऊन लागेल अशी. मेलेलं रोप उपटून बांधावर जाळलं. इंजनशेडकडून टोपल्यांनी राख वाहून आणली आणि कोरडीच, भुरभुरून, कांद्यांच्या बुडाशी पसरली. आमचे केस, भुवया, दात राखेचे झाले. उकरलेल्या मातीत अळ्या उन्हात वळवळत आणि दोऱ्याच्या तुकड्यासारख्या वाळून जात. मला ते बघायला आवडे. मी तासन् तास बघत बसे. माझ्यातही आबांचंच रक्त आहे हे मला तेव्हा कळलं.

आबा बांधावर बसून राहत, हात गळ्यात अडकवलेला. ते सुधारले, मवाळ झाले, असं काही सांगण्यासारखं नाही. डाव्या हातानं त्यांनी ताट भिरकावलं, वासराला लाथ घातली, आईच्या नावानं थुंकले. आईनं त्यांना भाकरी कुस्करून दिली, पाण्याचा तांब्या दिला आणि स्वतः दाराशी खोरं घेऊन जेवली. रात्री ती खोरं उशाशी ठेवी. दौंडहून इंजनांच्या शिट्ट्या येत आणि त्या तेवढ्याच आवाजावर दिवस पुढं सरकत.

मग एका सकाळी मी पातीतून चालत गेले आणि काहीच उठलं नाही. मी परत आले, पुन्हा चालले. पाय आपटत चालले. दोन-चार चिलटं, तीही लंगडी. अर्धं रान रिकामं झालं होतं. पण जे उरलं होतं ते उभं होतं, जाड, निळसर हिरवं, राखेतून सरळ वर आलेलं. आईनं एक कांदा उपटला. मातीनं त्याला सोडायला वेळ घेतला. तिनं ती मुळं आबांपुढं नेऊन धरली. आबांनी मान फिरवली. आई तशीच उभी राहिली, हात पुढं करून, त्यांनी पुन्हा वळून बघेपर्यंत.

त्या हिवाळ्यात आमची पात बाजारात उशिरा गेली, पण गेली. रेल्वे कॉलनीतल्या ख्रिस्ती बायका नाताळच्या स्वैपाकासाठी जुड्या नेत आणि आईच्या गळ्याकडं बघून न बघितल्यासारखं करत. रान आम्ही सोडलं नाही. कुणी चालायला लागलं नाही. माझं लग्न त्याच कुडाच्या घरातून झालं.

कामट्या सोडल्या तेव्हा आबांचा हात वाकडा जुळला होता. कोपरातून फिरे, पण आसूड ओढण्याइतका जोर त्यात पुन्हा आला नाही. नवा नाडा त्यांनी स्वतः वळला, पायाच्या बोटांत दोर धरून, डाव्या हातानं पीळ देत. मी दुसरं टोक धरून बसले होते. जुना कुणी कापला हे त्यांना ठाऊक होतं. विहिरीत गळ टाकून मोट वर काढली, कातडं ठिकठिकाणी सुजलेलं.

पाणी तोडल्यानंतर पहिल्यांदा, उरल्या पातीला पाणी द्यायचं होतं ती सकाळ. आबांनी बैल विहिरीच्या तोंडाशी उभे केले. मोट भरली होती. आई वाफ्यात खाली बसलेली, खोरं मांडीवर आडवं. मग मोटेवरून हाक आली. आवाज घोगरा होता, आणि कुठल्यातरी अनोळखी माणसाचा वाटला.

"सोडू का गं पानी?"

आईनं वर पाहिलं नाही. तिनं कांद्याच्या बुडाशी मातीत बोट घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत. काढलं. अंगठ्यावर चोळलं. पुढच्या वाफ्यात गेली, तिथंही घातलं. उन्हं डोक्यावर यायला लागली. बैल पाय बदलत होते. आबांचा जबडा आवळलेला मला बांधावरून दिसत होता, आणि वाकड्या हातात त्यांनी कासरा घट्ट धरला होता.

"थांबा वाईच," आई म्हणाली.

आबा थांबले.